खिडकीबाहेरचा सभासद

“मी इथंच बरा आहे,” असं म्हणून सेमिसी मास्तरांनी आपली खुर्ची व्हरांड्यात, खिडकीबाहेर मांडली आणि खोलीकडे पाठ करून ते समोरच्या विलायती फणसाशी बोलायला सज्ज झाले.

खोलीत त्यांची थोरली बहीण बसली होती, कालोलाइनेबाई. आमच्या टोंगात बहिणीचा मान मोठा. भाऊ तिच्याबरोबर एका खोलीत बसत नाही, दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत; तिच्यासमोर तो थट्टा करत नाही, पाय पसरत नाही, आणि तिची चूक काढण्यापेक्षा तो पोहत फिजीला जाईल. एकाच शाळेत एकवीस वर्षं नोकरी करून सेमिसींनी शिक्षकांच्या खोलीत कधी चहा घेतला नव्हता. त्यात कुणालाच गैर वाटलं नव्हतं. पंचाईत केली ती राजधानीतून आलेल्या परिपत्रकानं.

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांनी ‘शिकता समूह’ म्हणून एकत्र बसावं, एकमेकांच्या वर्गातल्या वह्या पाहाव्यात आणि कुठं काय अडतंय ते मोकळेपणानं सांगावं, असं त्यात होतं. समूह आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होताच. मोकळेपणा मात्र बोटीनं मागवावा लागणार होता.

शाळेत शिक्षक चार. हेडमास्तर तोमासींनी पहिले तीन गुरुवार उत्तम पार पाडले. म्हणजे प्रार्थना झाली, कच्ची मासळी आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं झाली, ‘सगळ्यांचे वर्ग फार छान’ असं सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि अहवालात ‘चर्चा सखोल झाली’ अशी नोंद झाली.

त्यातही सर्वांत छान वर्ग बाईंचा. छत्तीस वर्षं पहिली-दुसरी सांभाळून त्या डिसेंबरात निवृत्त होणार होत्या. त्यांची दुसरीतली मुलं वाचनाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका सुरात वाचत. मे महिन्यात चर्चमध्ये मुलांच्या पाठांतराचा रविवार असतो, त्या दिवशी ज्या चालीवर मुलं बायबल म्हणतात, त्याच चालीवर. ‘पुस्तक उलटं धरलं तरी विद्यार्थी अडखळत नाहीत,’ असा शेरा एका तपासनिसांनी मारला होता. कौतुकानं.

चौथ्या गुरुवारी वह्या आल्या. आमच्याकडे शाळेचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, ते नुकतंच लागलं होतं. सेमिसींनी आपल्या तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवला. तो घेतला लुपेनं. लुपे आमची सर्वांत धाकटी शिक्षिका, वय चोवीस, याच शाळेत शिकलेली.

बाईंनी चष्मा पुसला आणि वरची वही उघडली.

“अगंबाई, हा कोण? फेब्रुवारीत, तिसरीत, अक्षरं गिरवतोय?”

दुसरी वही उघडली. तिसरी उघडली. वह्या बारा होत्या. बाराही जण गिरवत होते.

“तोमासी,” बाई म्हणाल्या, “त्यांना विचारा, ही माझ्याकडूनच वर गेलेली मुलं ना?”

तोमासी खिडकीकडे वळले. “सेमिसी, बाई विचारतायत…”

“ऐकू आलं,” सेमिसी फणसाला म्हणाले. “यंदाची जरा कच्ची आहेत.”

“आणि गेल्या वर्षीची?”

सेमिसी फणसाची पानं मोजू लागले. लुपेच्या तोंडात खाऊतला, गुळमट पाकात बुडवलेला पिठाचा गोळा होता, तरी ती मदतीला धावली. “अहो बाई, दरवर्षीचंच आहे ते! आम्हालाही मास्तरांनी तिसरीत आल्यावरच अक्षरं शिकवली. पुस्तक तोंडपाठ होतं ना, पण वाचता कुणाला…”

“लुपे,” तोमासी म्हणाले, “तू खा.”

पण आता बाईंनाही कळलं होतं. दर फेब्रुवारीत सेमिसी दार लावून पहिल्यापासून सुरुवात करत, आणि मुलं वाचू लागली की पालकांना सांगत, ‘ही बाईंची तयारी.’

बाई रडल्या नाहीत. त्यांनी वह्यांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

“एकवीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “कुणीच बोललं नाही.”

“मान म्हणून, बाई,” तोमासी पुटपुटले.

“हो ना. मान माझा आणि वर्षं पोरांची.”

व्हरांड्यातली खुर्ची करकरली. सेमिसी उठून जातात की काय असं वाटलं. ते बसून राहिले.

मग बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली. “लुपे, तू नवी आहेस. वाचायला कसं शिकवायचं ते तुला येत नसेल.”

“येतं की! कॉलेजात आम्हाला…”

“येत नसेल, लुपे.”

लुपेनं बाईंकडे पाहिलं, खिडकीतल्या पाठीकडे पाहिलं आणि गोळा गिळला. खुर्ची खिडकीशी ओढून ती म्हणाली, “मास्तर, मला वाचन शिकवता येत नाही. काहीच येत नाही.”

सेमिसींनी घसा साफ केला. “मुलाला रोजचं पान द्यायचं नाही, लुपे. न पाहिलेलं द्यायचं. सगळ्यांना मिळून नाही, एकेकट्याला.”

“आणि ते गप्प बसलं तर?”

“आपणही गप्प बसायचं.”

“किती वेळ?”

“ते बोलेपर्यंत. फार जड जातं. शब्द आपल्याच तोंडातून उडी मारतो. मला पहिलं वर्षभर जमलं नव्हतं.”

लुपे त्या दिवशी इतके बावळट प्रश्न विचारत होती, की तिच्या कॉलेजनं पदवी परत मागितली असती. मागे पेन्सिल चालू होती. मधेच बाई हळूच म्हणत, “लुपे, ते परत विचार.”

“मास्तर, विसरले हो.”

आणि सेमिसी पुन्हा सांगत, आधीपेक्षा सावकाश.

“आणखी एक, लुपे,” शेवटी ते म्हणाले. “दुसरीतून येणारी मुलं पुस्तकाला भीत नाहीत. पुस्तक म्हणजे त्यांना गाणंच वाटतं. ते मला कधी शिकवता आलं नसतं.”

पेन्सिल थांबली. ते वाक्य बाईंनी परत विचारायला लावलं नाही.

सोमवारी बाईंनी दुसरीची पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. कागदावर होडीबद्दलची एक ओळ स्वतः लिहिली, पहिला शब्द ‘वाका’, म्हणजे आमच्या भाषेत होडी, आणि फिफिता नावाच्या मुलीला जवळ बसवलं. फिफितानं सवयीनं बाईंकडे पाहिलं, त्या चाल कधी धरतात म्हणून. बाईंनी चाल धरली नाही. त्यांनी तळहात ओठांवर घट्ट दाबला होता.

मुलीचं बोट पहिल्या अक्षरावर आलं.

“वा,” ती म्हणाली, आणि अडली.

बाईंनी दुसराही हात तोंडावर ठेवला.