जुना कागद आधी

“हा कागद तुम्ही कुठून काढलात?”

इलोनाबाईंचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच कुमुदिनी हातातलं काम टाकून पुढे आली. टेबलावर ओल्या कागदांची चवड उघडी पडली होती आणि बाईंचं बोट सगळ्यांत वरच्या कागदावर थांबलं होतं.

“खालच्या खणातून, इलोना-सान. फडक्यात गुंडाळलेला होता. परवा नवे कागद आले ना, तेही भिजवलेत, पण म्हटलं जुना आधी संपवावा.”

डाळ असो की पापड, जुनं आधी संपवायचं, हे कुमुदिनीच्या हाडीमाशी खिळलेलं. नवरा विनायक जपानात, सेंदाईच्या विद्यापीठात संशोधनात बुडालेला, मुलगा पार्थ शाळेत. घरात बसून जीव आंबायला लागला तेव्हा तिने इलोनाबाईंकडे चार तासांचा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. बाई मूळच्या हंगेरीच्या. लाकडी ठोकळे कोरून त्यावरून चित्रं छापायच्या. चित्रं कसली, नुसते पट्टे आणि डाग. “हे तर आपला पार्थपण काढेल,” असं विनायक म्हणाला, तेव्हा कुमुदिनी त्याच्याशी दिवसभर बोलली नव्हती. ते पट्टे आपल्याला का आवडतात हे मात्र तिलाही सांगता आलं नसतं.

छपाईच्या आदल्या दिवशी कागद ओले करून दडपून ठेवायचे, हे तिचं काम. ओला कागद लवकर वापरला नाही तर त्याला बुरशी धरते.

“शोहेईचा होता,” बाई म्हणाल्या. “शेवटचा.”

शोहेई म्हणजे बाईंचे यजमान. हाताने कागद बनवायचे. भूकंपाच्या दिवशी ते किनाऱ्यावरच्या गावात कागद पोचवायला गेले आणि त्सुनामीच्या लाटेत वाहून गेले. त्यांचे उरलेले कागद बाईंनी पुरवून पुरवून छापले. हा एकच तीन वर्षं जपला होता, आणि कुमुदिनीने तो भिजवून ठेवला होता.

“इलोना-सान, मला खरंच माहीत नव्हतं हो. वाळवून ठेवू का?”

“वाळेल. पण पहिल्यासारखा राहणार नाही.” बाई म्हणाल्या. “याच्यासाठी एक ठोकळा कधीचा कोरून ठेवलाय. छापायचा धीर होत नव्हता. आता छापूनच टाकू.”

त्यांनी ठोकळा आणला. त्याला गडद निळा रंग लावला. मग कागद दोन कोपऱ्यांना धरून उचलला आणि खिडकीच्या उजेडात आल्यावर तशाच उभ्या राहिल्या.

ओल्या कागदातून उजेड येत होता, आणि एका बाजूला काही ठिपके बाकीच्या कागदापेक्षा लख्ख दिसत होते.

“हे काय आहे?” कुमुदिनीने विचारलं.

“थेंब. साचा लगद्याच्या पाण्यातून उचलताना त्याच्या हातावरून ताज्या कागदावर गळलेले. तिथे कागद पातळ होतो. असा कागद तो ठेवायचा नाही, परत लगद्यात टाकायचा. मी म्हणायची, एखादा तरी राहू दे रे माझ्यासाठी. तो नुसता हसायचा.”

“मग हा कसा राहिला?”

“राहिला नाही. त्याने ठेवला,” बाई म्हणाल्या. “आणि मी मेलीने कधी उजेडात धरलाच नाही.”

बाई रडल्या नाहीत. रडली ती कुमुदिनी.

“जरा बाजूला व्हा,” बाई म्हणाल्या. “आधीच ओला आहे तो.”

कागद त्यांनी ठोकळ्यावर ठेवलाच नाही. एका फळीवर पसरला, वरून हलक्या हाताने ब्रश फिरवला आणि फळी उन्हात उभी केली. दुपारी तो वाळला. कडेला जरा सुरकुतला होता, पण कोरा होता.

छापून झालं की चित्राखाली उजव्या कोपऱ्यात चित्रकाराने पेन्सिलने सही करायची, अशी रीत. बाईंनी पेन्सिल घेतली, कोऱ्या कागदाच्या त्याच कोपऱ्यावर वाकल्या आणि जपानी अक्षरं काढू लागल्या. लहान मूल गिरवतं तशी, सावकाश. कुमुदिनीने मान वाकडी करून वाचलं.

“हे तर त्यांचं नाव!”

“इतकी वर्षं त्याच्या कागदांवर मी माझंच लिहीत आले.”

ठोकळ्यावरचा निळा रंग एव्हाना सुकून गेला होता. बाईंनी ओल्या फडक्याने तो पुसून काढला आणि नवा रंग कालवायला घेतला.

“आता नवे आणा, कुमुदिनी-सान,” त्या म्हणाल्या. “ओले आहेत तोवर.”