साहेबांसाठी उपसलेली विहीर

माझा धाकटा दीर वस्तीच्या पाणी समितीचा अध्यक्ष. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून हा झाला. पण ऐट अशी, जणू पाणी यानंच शोधून काढलं!

शेजारच्या कारखान्याने वर्षानुवर्षं खड्ड्यात रसायनं मुरवली आणि आमच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. माझ्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता मुलीचेही पाय सुजतात. तो खड्डा बंद करा, एवढ्यासाठी आम्ही कोर्टात गेलो. कोर्टाने पाण्याचा नमुना घ्यायला माणूस पाठवला.

साहेब येणार म्हटल्यावर भावजींच्या अंगात आलं. त्यांनी विहीर उपसून घेतली, आतून घासली, काठाला चुना फासला आणि टँकरने चांगलं पाणी ओतलं. टँकर कुणाचा? कारखान्याचा! मागताक्षणी दिला म्हणे.

"माणसं वाईट नाहीत हो, वहिनी," भावजी म्हणाले. "आणि बाहेरच्यांना आपली घाण दाखवायची का? काही अब्रू आहे की नाही?"

मी दवाखान्यातून धावत आले तोवर साहेब बाटली भरून, चहा पिऊन गेलेसुद्धा होते. अहवाल आला, पाणी उत्तम. विहीर तर तोवर पुन्हा तांबूस झाली होती.

आमच्या वकीलबाईंनी भावजींना समोर बसवलं. "साक्षीत एवढंच सांगा. विहीर उपसली, टँकरचं पाणी भरलं. मग मला नमुना पुन्हा मागता येईल."

भावजींनी मान डोलावली. कडक इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला उभे राहिले.

कारखान्याच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "अध्यक्षसाहेब, तुमच्या वस्तीत लोक घाण पाणी पितात?"

अध्यक्षसाहेब! तेवढ्यावर हा माणूस विरघळला.

"मी असताना? मुळीच नाही!"

"आणि टँकर?" वकीलबाई जवळजवळ ओरडल्याच.

भावजींनी कॉलर नीट केली. "टँकरची आमच्यावर वेळ येत नाही."

दुसऱ्या नमुन्याचा अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला. वकीलबाई कागद आवरू लागल्या. मला भावजींची किळस आली.

बाहेर आल्यावर भावजींनी घाम पुसला. "वस्तीची लाज राखली ना, वहिनी?"

"राखलीत," मी म्हटलं. "आता दवाखान्यात चला आणि तुमच्या दादाला सांगा, आपण घाण पाणी पितच नव्हतो. शुद्धीवर असले तर ऐकतील."

भावजी तिथेच उभे राहिले. मी एकटीच गेले.