काचेवरचा अंगठा

काच पुसायची ती धाकटीनेच पुसली, तीही जीव ओतून. आज परीक्षा होती. काचेवरचा लेप चिकटपट्टीला पुरून उरला, की साहेब तिला दूरच्या नव्या कारखान्यात पाठवणार होते. नाही उरला, तर तिच्या जागी थोरली बहीण जाणार, आणि तिने नोकरी सोडून घरी अंथरुणाला खिळलेल्या आईचं करायचं. आजवर ते थोरली करत आली होती, नोकरी सांभाळून आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

"आण इकडे, मी टाकीत चढवते," थोरली म्हणाली. धाकटीला बरंच वाटलं. चला, ताईला उशिरा का होईना, माया आली! खुळीच ती.

टाकीतली हवा उपसली गेली. लेपाची वाफ काचेवर बसू लागली, तशी धाकटीने आयन गन सुरू केली. नुसती वाफ बसली तर लेप भुसभुशीत राहतो. ही गन भारित कणांच्या माऱ्याने त्याला असं बडवते, की चोपलेल्या जमिनीसारखा तो घट्ट होतो. धाकटीचा हात त्यात चांगला बसला होता.

साहेबांनी काचेवर चिकटपट्टी दाबली आणि खस्सकन ओढली. मधला लेप निघून आला.

"जमलं नाही," म्हणून साहेब दाराकडे निघाले.

धाकटीने काच उजेडात धरली. बाकीचा लेप जागचा हलला नव्हता. फक्त अंगठ्याएवढी जागा सोलली होती, रेषान् रेष दिसत होती, आणि त्यावर आडवा वण. लहानपणी दारात चेमटलेला ताईचा अंगठा! दार धाकटीनेच लावलं होतं.

"ताई, हातमोजा काढून दाबलास? बोटाच्या तेलावर लेप धरतो का?" तिने काच ताईसमोर धरली.

थोरलीने काच हिसकावून स्पिरिटने घासली. ठसा जातो कुठला? भोवतीचा लेप धाकटीने जन्माचा पक्का केला होता.

"साहेब, बघा ना जरा!" धाकटी ओरडली.

साहेब वळेपर्यंत थोरलीने काच फरशीवर सोडली. "अगं बाई! सटकली."

"राहू दे, वायाच गेली होती," साहेब म्हणाले, आणि गेले.

धाकटी गुडघ्यांवर बसून ठशाचा एखादा तुकडा शोधू लागली. सगळा चुरा.

"इतकी वर्षं मी सडले," थोरली हळूच म्हणाली. "आता तू सड. तिकडे मी जाते." तिने झाडू पुढे केला. "नीट झाड हं. आईकडे पायात काच घेऊन जाशील."