कोर्टाला दाखवायचा पाय

कोर्टाची तारीख आली की लोहा गावच्या पंचशीलाला सकाळी एक काम ठरलेलं असे. नवऱ्याच्या पँटचा उजवा पाय वर दुमडायचा आणि गुडघ्यापाशी पिन लावायची. तुटका पाय झाकला जाता कामा नये, असा वकिलांचा हुकूम होता.

नवरा नरसिंग कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. यंत्राच्या पट्ट्यात पाय सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. मालकाने "चूक तुझीच" म्हणत हात वर केले, तेव्हा नांदेडच्या उमाशंकर वकिलांनी भरपाईचा दावा लावून दिला. इथवर त्यांचे उपकारच! पण दवाखान्यातून कृत्रिम पाय बसवायला सांगितलं, तेव्हा वकील खेकसले, "वेडा आहेस का? कोर्टात टेचात चालत आलास तर भरपाई कोण देईल? निकाल लागेपर्यंत पाय बसवायचा नाही."

नरसिंगने ऐकलं. आपल्याकडे माणूस डॉक्टरचं औषध अर्ध्यावर सोडतो, पण वकिलाचा शब्द मोडत नाही!

मग तारखा सुरू झाल्या. कधी समोरच्या वकिलाच्या घरी लग्न, तर कधी आपल्याच वकिलांचे कागद घरी राहिलेले. वर्षं सरली. कृत्रिम पायांची शिबिरं आली नि गेली. नरसिंग आपला वकिलांच्या टेबलाजवळ बाकावर, पाय दुमडून बसलेला. नवा अशील आला की वकील त्याच्याकडे बोट दाखवत, "बघा, असल्या केसेस लढतो मी." भुसार दुकानाच्या दारात नमुन्याला डाळीचं पोतं उघडं ठेवतात, तसा त्यांनी नरसिंगला ठेवला होता. आणि त्या भोळ्याला यातही मान वाटे.

"साहेबाला इचारा की, कशापायी लांबून राहिलंय," पंचशीला म्हणायची.

"गप बस. वकिलाला 'कधी' म्हणून इचारलं की केस बिघडती."

शेवटी बहिणीकडे जाऊ असं खोटंच सांगून तिने त्याला लातूरच्या शिबिरात नेलं. तिथल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम गुडघा सरळ करू लागल्या. तो होईना.

"इतकी वर्षं दुमडून बसलात? सांधा आखडलाय. असा पाय बसवता येणार नाही. आधी ऑपरेशन करावं लागेल, आणि त्याचीही खात्री देत नाही. पहिल्या वर्षी आला असतात तर आज चालत असतात. कोणी थांबवलं तुम्हाला?"

नरसिंगने कुबडी ओढून घेतली आणि तो दाराकडे निघाला.

पुढच्या तारखेला पंचशीलाने हे वकिलांना सांगितलं. वकिलांचा चेहरा खुलला.

"अरे, छानच झालं की! अपंगत्वाचा टक्का वाढेल, म्हणजे भरपाईही वाढेल. नवा दाखला काढू. त्यासाठी आज एक तारीख घेतो."

छानच झालं! माणसाचा गुडघा गेला आणि ह्यांना टक्का दिसला! तरीही सवयीने नरसिंगचे हात जोडले गेलेच. मग मात्र पंचशीलाचा संयम सुटला.

"आवो, हात कशाला जोडता? घरात ज्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडतो, तेबी वकीलच होते. त्यांनी आपल्याला बोलायला शिकवलं, अन् तुमी इथं मुके होऊन बसलात! वकील आपण लावलाय. पायाचा धनी कोन हाय, तुमी का ते?"

तेवढ्यात पुकारा झाला. आत जाऊन वकिलांनी सराईतपणे तारीख मागितली.

"न्हाई!" कुबडीवर उभा राहत नरसिंग न्यायाधीश बाईंकडे बघून ओरडला. "मॅडम, मला तारीख न्हाई पायजे. तुमाला दाखवायसाठी ह्यो पाय असाच ठिवला. आता गुडघाबी गेला. बघून घ्या एकदा!"

बाईंनी फाईल चाळली. "वैद्यकीय दाखला पहिल्या दिवसापासून इथे आहे. पाय पाहायचाय, असं कोर्टाने कधी म्हटलं?"

वकील कागद चाळू लागले.

"तारीख मिळणार नाही. युक्तिवाद आजच करा."

जेवणाच्या सुट्टीआधी युक्तिवाद संपला. काही दिवसांत निकाल लागला, नरसिंगच्या बाजूने. एवढंच काम होतं ते!

निकालाची नक्कल घ्यायला गेला, तेव्हा त्याच्या जुन्या बाकावर धम्मप्रिया नावाची एक तरुण बाई बसलेली होती. शेजारी नवरा, हात फडक्यात बांधलेला. नरसिंग जवळ गेला.

"ताई, आधी हाताचा इलाज करा. कोर्टासाठी अंग राखून ठिवू नका. अन् तारीख कोन मागतंय, कशापायी मागतंय, ते दर खेपेला इचारा. वकील रागावला तर दुसरा करा. गरिबाला फुकट वकील मिळायची सोयबी हाय. मी इचारलं न्हाई, बघा माझं काय झालं."

वाचकहो, न्याय मागायला गेलेला माणूस वकिलापुढे तोंड मिटून बसतो, तेव्हा त्याच्या गप्प बसण्यावरच तारखा पडत जातात. विचारणं हा उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे. आणि तो वेळेत वापरायचा असतो.

त्या संध्याकाळी पंचशीलाने पँटची पिन काढून फेकून दिली. पँटचा पाय खाली सुटला. गुडघा मात्र दुमडलेलाच राहिला.