पैलवानांचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनं आउटबोर्ड इंजिन आहे. शर्यतीच्या बोटीच्या पाठीला बाहेरून लटकणारं. माझं डोकं हवेत आणि पाय पाण्यात. कदाचित म्हणूनच मला प्रत्येक गोष्ट अर्धीच कळते.

कारखान्यातून मी थेट पैलवानांकडे आलो. पैलवान हे बोट चालवणाऱ्याचं टोपणनाव. माणूस एवढा आडदांड, की ते बसले की बोट मागे दबायची. त्यांनी आणि मिस्त्रीकाकांनी महिनाभर माझी उंची लावली. माझ्या पाठीच्या पट्टीला पाच भोकं आहेत. बोल्टचं भोक बदललं की मी वर किंवा खाली होतो. फार खाली असलो की पाणी मला मागे ओढतं. फार वर गेलो की बोट ढकलणारा माझा पंखा नुसताच फिरतो आणि मला गार ठेवणारं पाणी पोटात येत नाही. नेमकी उंची सापडली, तेव्हा पैलवानांनी त्या भोकाशी लाल रंगाचा ठिपका काढला आणि बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही."

सात वर्षं कुणी लावला नाही. आम्ही जिंकत होतो, लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते.

मग पैलवानांची कंबर गेली आणि त्यांची मुलगी चाकावर बसली. अंगाने इतकी बारीक, की सगळे तिला चिमणी म्हणतात. पहिल्याच फेरीत मला धाप लागली. बोट तीच, तळं तेच, ठिपका तोच, आणि माझ्या पोटात पाण्याऐवजी हवा! पाण्याच्या दाबाचा काटा पडला, मी तापलो. काय चाललंय, मला काही उमगेना.

"पंप बदलला, नळी बदलली. म्हातारं झालंय ते, पोरी," मिस्त्रीकाका म्हणाले. "शनिवारी शर्यत. त्याआधी हे भंगारात देऊ आणि दुसरं लावू."

"एक भोक खाली घेऊन बघू या ना, काका?"

"बाबांच्या ठिपक्याला हात लावतेस? जमायचं नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण खरं सांगतो, चोर मीच नाही ना, अशी मलाही शंका येऊ लागली होती.

शुक्रवारी पैलवान काठी टेकत आले. "जायच्या आधी त्याचा आवाज एकदा ऐकतो," म्हणत चिमणीशेजारी बसले. बोट सुटली आणि माझ्या पोटात गार पाणी भरलं. काटा वर! पैलवान धक्क्यावर उतरले, पुढच्या फेरीत काटा पुन्हा खाली. माझं तर डोकंच चालेना.

चिमणीचं मात्र चाललं. तिने बोट धक्क्याला लावली.

"बाबा, तो ठिपका इंजिनाचा नाहीच. तुमच्या वजनाचा आहे. मी बसले की बोट मागून वर उठते आणि बिचारं पाण्याबाहेर येतं."

पैलवानांनी काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी तुला माझ्या वजनाने चालवायला लावत होतो." त्यांनी मिस्त्रीकाकांच्या हाती पाना दिला. "घ्या एक भोक खाली."

काकांनी बोल्ट आवळल्यावर पैलवानांनी रंगाचा डबा मागवला. वाकवत नव्हतं तरी वाकले, आणि नव्या भोकाशी पांढरा ठिपका काढला.

शनिवारी आम्ही दुसरे आलो. मी तापलो नाही.

मित्रांनो, मी तर तसाच होतो, मग चुकीचा कसा ठरलो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: जुनं कुणी धापा टाकू लागलं, तर मोडीत काढण्याआधी त्याला जरा खाली, पाण्यात घ्या. लाल ठिपका अजून माझ्या पाठीवर आहे. चिमणी रोज मला पुसते, तोही पुसते, पण खरवडत नाही.