नापास पेशंट

ताईने दुकानासाठी एक खुर्ची घेतली. पाठ उंच, हात नसलेली. शिवताना कोपर आपटायला नको म्हणून.

रबराच्या बाहुलीचे डोळे मिटत नाहीत.

कानात पाणी गेलं की माणूस डोकं झटकतो. सोशिक माणूस झटकत नाही.

बऱ्या होऊन घरी निघालेल्या एका आजींनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून गं." माझी बोटं त्यांच्या मनगटावर गेली. मी म्हटलं, "नाडी छान आहे."

"उशी एक की दोन?"
"कशीही चालेल."

*

आता ओळीने सांगते.

मी नर्स आहे. निम्मं आयुष्य एकाच मोठ्या वॉर्डात गेलं. त्या आजी घरी गेल्या त्या दिवशी भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं, की त्यांनी आभार मानले होते आणि ते माझ्यापर्यंत पोचलेच नव्हते. तसं रोजच कुणी ना कुणी काहीतरी म्हणायचं. रडायचं, ओरडायचं, हात जोडायचं. मला ते शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकू यायचं.

मेट्रनला सांगितलं, नोकरी सोडते.

"सोड," ती म्हणाली. "पण आधी महिनाभर शिकवणीच्या खोलीत जाऊन पड."

"पड म्हणजे?"

"पड म्हणजे पड. पलंगावर. उताणी."

ताईला फोन केला. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ती कधीपासून मागे लागली होती. "ये माझ्याकडे," म्हणाली. "माणसांपेक्षा ब्लाउज बरे. बिघडला तरी उसवता येतो." मी म्हटलं, महिनाभराने येते. तिने दुसऱ्याच दिवशी खुर्ची आणली. आमची ताई म्हणजे बाजारात तुरी.

*

शिकवणीची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला. एक पलंग, एक नळ, स्टुलावर रबराची बाहुली. पूर्वी नर्सिंगच्या मुली तिच्यावरच सगळं शिकायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी बाहुली उचलून स्टुलावर बसवली.

"ही कधी म्हणत नाही पाणी गार आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यावर शिकलेल्या मुली पुढे खऱ्या माणसालाही हिच्यासारखंच वागवतात."

म्हणून त्यांनी दमलेल्या नर्सना बोलवायला सुरुवात केली. वॉर्डातून काही दिवस सुटका. काम एकच, पेशंट होऊन पडायचं. मुलींनी जे करायचं ते करायचं, आणि झाल्यावर पडलेल्या बाईने सांगायचं की कसं वाटलं. मुलींनी तेव्हा खुलासे द्यायचे नाहीत, नुसतं ऐकायचं. मॅडमचं म्हणणं, यात मुली शिकतात आणि नर्सची पाठ पलंगाला लागते. एका दगडात दोन पक्षी, तेही न मारता.

मला वाटलं, पडायला काय अक्कल लागते.

*

पहिली मुलगी चादर बदलायला आली.

(मी कंबर उचलली.)

दुसरीने रक्तदाब घ्यायचा पट्टा काढला.

(मी बाही वर केली आणि हात पुढे धरला.)

तिसरी पाठ पुसायला आली. (मी आधीच कुशीवर वळले होते. जाता जाता चादरीचा सुटलेला कोपराही खोचला.)

"कसं वाटलं, सिस्टर?"

"छान. काही त्रास नाही."

पहिला आठवडा असाच गेला. मग मॅडमनी खुर्ची ओढली आणि माझ्या उशाशी बसल्या.

"सिस्टर, राग मानू नका. पेशंट म्हणून तुम्ही नापास आहात."

"मी तर काहीच करत नाही."

"सगळं तुम्हीच करता. या पोरींना करायला उरतं काय? आणि छान काय छान. छान तर बाहुलीलाही वाटतं."

बाहुली माझ्याकडे बघत होती. तिला दुसरं काही जमतच नाही.

त्या रात्री मी ताईला सांगितलं, माझा निर्णय झालाय, येतेच. ती म्हणाली, खुर्चीला उशी शिवू का? मी म्हटलं, शीव.

*

महिना संपत आला तेव्हा केस धुण्याची परीक्षा होती. पेशंटला पलंगावरून न उठवता केस धुवायचे.

माझ्या वाट्याला गोगलगाय आली. हे तिचं कॉलेजभर झालेलं नाव. हळू चालायची, हळू बोलायची, कात्री मागितली तर ती येईपर्यंत जखम भरून यावी. मैत्रिणी तिला तोंडावर म्हणायच्या, "गोगलगाय अन् पोटात पाय." ती म्हणायची, "आहेत ना. पण दोनच आहेत गं."

तिने तांब्या, बादली, गरम पाण्याची किटली, टॉवेल मांडला. माझ्या डोक्याखाली रबरी कापड सरकवायचं होतं, म्हणून मी मान उचलली.

"मान ठेवा, सिस्टर," ती म्हणाली. "मी अजून तिथे आले नाहीये."

मी मान ठेवली. ती बाहीची घडी घालत होती. मी वाट बघितली. पुन्हा उचलली.

"अजून नाही."

मान दुखायला लागली. तिच्या वेगापुढे माझ्या मदतीचा टिकाव लागेना. शेवटी मी नाद सोडला. आणि मी नाद सोडल्यावर, केव्हातरी, तिचा तळवा माझ्या मानेखाली आला. तिने डोकं उचललं. माझं डोकं इतकं जड असेल याची मला कल्पना नव्हती.

तिने पाणी ओतलं.

"गार आहे," मी म्हणाले.

मॅडमचं पेन थांबलं. गोगलगाय म्हणाली, "थांबा हं," आणि माझं डोकं तसंच एका हातावर धरून दुसऱ्या हाताने बादलीत गरम पाणी ओतलं. मनगट बुडवून बघितलं. मग पुन्हा ओतलं.

"आता?"

"आता बरंय. कानात गेलं पण."

"कुठल्या?"

"डाव्या. आणि मागे जरा जोरात चोळ गं."

"अहो, तक्रारींची माळच लागली," मॅडम म्हणाल्या, पण हळू.

गोगलगाय चोळत राहिली. मला झोप लागली असावी, कारण पुढचं आठवतं ते एकदम टॉवेल. ती माझे केस पुसत होती, एकेक बट वेगळी करून, जणू घाई नावाची गोष्ट जगात अजून आलेलीच नाही.

"कसं वाटलं, सिस्टर?" मॅडमनी विचारलं.

मी त्या मुलीचा हात धरला. बोटं सवयीने मनगटावर गेली, ती सवय काही जायची नाही माझी. पण या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. तिची नाडी भराभर पळत होती. इतक्या संथ मुलीची.

"किती घाबरली होतीस गं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. नियमाप्रमाणे तिला बोलायचं नव्हतं. डोळे मात्र भरले होते, आणि ते मला नीट दिसले. मधे कुठली भिंत नव्हती.

"तू होतीस म्हणून," मी म्हटलं.

मग उठून बसले. तिने विचारलं, टेकायला उशी एक की दोन.

"दोन," मी म्हणाले.

*

खुर्ची ताईच्या दुकानात अजून आहे. उशीसकट. गिऱ्हाइकं तिच्यावर पिशव्या ठेवतात.