व्हायोलिनखालचं हाड

मी एक हाड बोलतंय. गळ्याखालून डाव्या खांद्याकडे जाणारं, सडपातळ, किंचित वळण घेतलेलं. माझी मालकीण नाटकमंडळीत व्हायोलिन वाजवते. व्हायोलिन माझ्यावर टेकतं, म्हणून सूर तिच्या कानाआधी माझ्यात शिरतो. मग आतल्या अंधारात मला पाण्यावर तरंगल्यासारखं वाटत राहतं.

तालमीला जाताना एकदा ती सायकलवरून पडली, नेमकी डाव्या खांद्यावर. माझे दोन तुकडे झाले आणि एकमेकांपासून सरकले.

"दोन रस्ते आहेत," हाडांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली, तर हाड जुळायची खात्री जास्त. पण जखम चिघळू शकते, पट्टी टोचू शकते, कधी ती काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं. हात नुसता गळ्यातल्या झोळीत ठेवला, तरी बहुतेकांचं जुळतं. काहींचं मात्र नाही जुळत."

"करून टाक गं ऑपरेशन," तिची थोरली बहीण म्हणाली.

"आणि व्हायोलिन काय पट्टीवर टेकवू?"

झोळी ठरली.

मग गुंगीचे दिवस आले. खिडकीतलं ऊन पांघरुणावरून सावकाश सरकायचं. हात वर जात नसल्यामुळे ताईच तिची वेणी घालायची. जुळू लागलं की एक्स-रेत पांढरट ढग दिसतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माझी दोन टोकं धुक्यात हरवलेल्या माणसांसारखी एकमेकांना चाचपडत होती. त्या ढगाची मी किती वाट पाहिली!

महिने गेले. ढग आला नाही.

"आता पट्टी बसवू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर तिला रडू कोसळलं. "बोल ना ताई, 'मी सांगत होते' म्हणून!"

"मी कुठे काय सांगत होते?" ताई म्हणाली. "मान इकडे कर. वेणी सुटलीये."

ऑपरेशनमध्ये माझ्यावर गार पट्टी आणि स्क्रू बसले, फटीत तिच्याच कमरेच्या हाडाचा चुरा भरला. कधी न भेटलेला दूरचा नातलग मदतीला धावून आल्यासारखं वाटलं. हळूहळू ढग उतरला, दाटला, हाड झाला.

आता व्हायोलिनखाली ती मऊ गादी ठेवते. थंडीत पट्टी टोचते. ती थांबते, खांदा सैल सोडते, पुन्हा वाजवते.

लोक विचारतात, "मग आधीच का नाही केलंस?" तुम्ही तेवढं कुणाला विचारू नका. ठरवताना पुढचं कुणालाच दिसत नसतं.

बरं, येतं मी. तिनं व्हायोलिनचा गज उचललाय.